वनाचं उसनं

1986 च्या मे महिन्यात राजापूर तालुक्यातलं माझं आजोळचं घर उतरवलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ‘उतरवलं’ हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. पाडायची ती भिंत; लाकूड उतरवायचं. आधी कौलं खाली आली, मग रिपा, मग वासे. आढं खाली घ्यायला वाडीतले चौदा-पंधरा बाप्ये लागले. सुताराने प्रत्येक खांबावर आणि तुळईवर गेरूने खुणा केल्या होत्या, कारण त्यातलं बरंचसं लाकूड दुसरीकडे पुन्हा उभं राहायचं होतं. ओटीवरच्या तुळईवर शक 1829 असं कोरलेलं होतं. म्हणजे इसवी सन 1907. घर 79 वर्षांचं होतं आणि तुळई त्याहून कितीतरी म्हातारी, कारण ती ज्या फणसातून निघाली तो फणस आजोबांच्या आजोबांनी परसात लावलेला होता.

त्या पावसाळ्यात मातीच्या भिंती विरघळून गेल्या आणि पुढच्या वर्षी त्याच जोत्यावर स्लॅबचं घर उभं राहिलं. काही वासे चुलीत गेले. दोन खांब शेजारच्या घराच्या पडवीला लागले. ती तुळई मात्र मामाने विकली नाही. बारा फूट लांब, नऊ इंच रुंद, नऊ इंच उंच अशी ती घसघशीत तुळई त्याने गोठ्यावर चढवली.

घर आणि हवामान या विषयावर वाचताना-लिहिताना गेली काही वर्षं मला ही तुळई वारंवार आठवते. युरोप-अमेरिकेत आणि जपानमध्ये लाकूड पुन्हा घरात आलं आहे. पाच-सात मजल्यांच्या वस्त्या, वीस-पंचवीस मजल्यांचे मनोरे लाकडाचे होत आहेत आणि त्यामागचं मुख्य कारण कार्बन हे आहे. या लाटेत खरं किती, अतिरेक किती आणि आपल्या मुलखाला त्यातून घेण्याजोगं काय, हे समजून घ्यायला मला त्या तुळईचीच फूटपट्टी बरी वाटते.

सात पोती सिमेंट

जगात दरवर्षी सुमारे 4 अब्ज टन सिमेंट तयार होतं. जवळपास निम्मं चीनमध्ये. दुसरा क्रमांक भारताचा. माणसाने हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के वायू एकट्या सिमेंटचा आहे. पोलाद, काच, ॲल्युमिनियम आणि इमारतींच्या वापरात जाणारी वीज हे सगळं धरलं, तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबाने ऊर्जा आणि कारखानदारीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा इमारती आणि बांधकाम यांच्याकडे जातो.

सिमेंटची अडचण अशी, की भट्टी उद्या पूर्णपणे सौरऊर्जेवर चालवली तरी ती सुटत नाही. सिमेंट चुनखडीपासून होतं आणि चुनखडीच्या दगडातच कार्बन कोंडलेला असतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. ही रसायनाची वजाबाकी आहे, इंधन बदलून ती बदलत नाही. सगळं धरून एक टन सिमेंटमागे साधारण 600 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

झाडाचं गणित उलट चालतं. झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतं, प्राणवायू परत सोडतं आणि कार्बन खोडात साठवतं. वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन निव्वळ कार्बनचं असतं. आमच्या तुळईचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. तिचं वजन साधारण 115 किलो. त्यातला कार्बन अठ्ठावन्न किलोच्या आसपास. तेवढा कार्बन हवेत असता, तर कार्बन डायऑक्साइडच्या रूपात 210 किलोंच्या घरात भरला असता. तेवढाच वायू 350 किलो सिमेंट, म्हणजे सात पोती, तयार करताना बाहेर पडतो.

सात पोती ऐकायला फार वाटत नाहीत. पाचशे चौरस फुटांच्या साध्या स्लॅबला चाळीस-पन्नास पोती सहज लागतात. पण घरात अशी एकच तुळई नसते. आणि लाकूड दोन बाजूंनी काम करतं: स्वतःतला कार्बन धरून ठेवतं आणि त्याच्या जागी आलं असतं ते सिमेंट-लोखंड वाचवतं. लाकूड काँक्रीटच्या पाचव्या हिश्श्याइतकं हलकं असल्याने पायाही लहान पुरतो. नव्या लाकडी घरांचा सारा पुकारा याच हिशेबावर उभा आहे.

उभी फळी, आडवी फळी

लाकडाने उंच बांधायचं तर एक जुनी अडचण आडवी येते. लाकूड एकाच दिशेने बळकट असतं. रेषांच्या दिशेने ते ताकदवान, पण आडवं फुगतं, आकसतं, चिरतं. शिवाय जाड, सरळ, निर्दोष खोडं हवीत, तर जुनी जंगलं हवीत.

ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ शहरातल्या तंत्रविद्यापीठात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गेरहार्ड शिकहोफर यांनी या अडचणीवर काम केलं. लाकूडकापणीच्या गिरण्यांत खोडाच्या कडेच्या फळ्या उरतात. त्यांना भाव नसतो. या फळ्यांचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, पुन्हा उभा, असे तीन, पाच, सात थर चिकटवून दाबले, की भिंतीएवढा एकसंध पाट तयार होतो. एका थराची आकसण्याची ओढ दुसरा थर रोखून धरतो. त्याला क्रॉस लॅमिनेटेड टिंबर किंवा थोडक्यात सीएलटी म्हणतात. शिकहोफर यांचा प्रबंध 1994 चा. त्याच कामासाठी 2019 मध्ये त्यांना मार्कुस वालेनबेर्ग पुरस्कार मिळाला. वनविज्ञानाच्या क्षेत्रात त्याचा मान फार मोठा आहे.

सीएलटीचे पाट कारखान्यात मोजून कापले जातात, दारं-खिडक्यांच्या जागाही तिथेच कोरल्या जातात. ट्रकवरून आलेला पाट क्रेनने उचलायचा, जागी बसवायचा, स्क्रूने जखडायचा. पाणी मारत आठवडे काढायला नकोत की सेंट्रिंग नको. लंडनच्या हॅकनी भागात 2009 मध्ये मरे ग्रोव्ह ही नऊ मजली इमारत झाली. तळमजला काँक्रीटचा, वरचे आठ मजले सीएलटीचे. भिंती, जिने, लिफ्टचा कोठाही लाकडाचा. त्यात 29 सदनिका आहेत. लाकडी सांगाडा चार सुतारांनी 27 दिवसांत उभा केला.

त्यानंतर उंचीची चढाओढ लागली. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांचं अठरा मजली वसतिगृह झालं. नॉर्वेत म्योसा तलावाच्या काठी 2019 मध्ये 85.4 मीटर उंचीची म्योस्टोर्नेट इमारत पूर्ण झाली. तिथे एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. लाकूड हलकं असल्यामुळे वाऱ्यात वरचे मजले हेलकावतात, म्हणून सर्वांत वरच्या मजल्यांच्या जमिनी मुद्दाम काँक्रीटच्या ठेवल्या. वजनामुळे मनोरा स्थिर राहतो. 2022 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 25 मजल्यांची ‘असेंट’ उभी राहिली आणि उंचीचा मान तिच्याकडे गेला.

मनोऱ्यांची छायाचित्रं सगळीकडे छापून येतात. मला मात्र स्वीडनमधल्या व्हेक्शो गावाची गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण ती साध्या घरांची आहे. स्वीडनमध्ये स्वतंत्र घरं पूर्वीपासून बहुतांश लाकडाचीच. पण शहरांत आगींचं भय मोठं होतं. 1874 च्या नियमाने दोन मजल्यांवर लाकडी घर बांधायला बंदी आली. 25 जून 1888 या एकाच दिवशी सुंड्सव्हाल आणि उमिओ ही दोन शहरं जळाली आणि भय पक्कं झालं. ही बंदी 1994 मध्ये, म्हणजे 120 वर्षांनी उठली. व्हेक्शोने 1996 मध्येच ठरवलं होतं, की खनिज इंधनापासून सुटका करून घ्यायची. तिथे ट्रुम्मेन तळ्याच्या काठी 2009 पर्यंत लिम्नोलोगेन नावाची वस्ती झाली: आठ मजल्यांच्या चार इमारती, 134 सदनिका. खालचा मजला काँक्रीटचा, वरचे सात लाकडाचे. बांधकाम चालू असताना पावसाचा थेंब लाकडावर पडू नये म्हणून अख्ख्या इमारतीवर तंबू ताणला होता आणि तो मजल्यांबरोबर वर वर चढवत नेला. आतली क्रेनही तंबूखालीच चालायची.

आग आणि ओल

लाकूड म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न आगीचा येतो आणि तो यायलाच हवा. 1828 च्या फेब्रुवारीत पुण्याचा शनिवारवाडा पेटला. त्याच्या उभारणीसाठी साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडहून आणि चुना जेजुरीकडून आणला होता, असं सांगतात. आगीनंतर दगडी जोतं आणि तट उरला. साग गेला.

तरीही जाड लाकडाचं जळणं काटक्यांसारखं नसतं. मोठ्या तुळईला आग लागली की बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला झाकतो. मऊ लाकडात ही जळती रेघ मिनिटाला साधारण 0.65 ते 0.7 मिलिमीटर आत सरकते, म्हणजे तासाभरात चार सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे अभियंता गरजेपेक्षा चार सेंटिमीटर जास्त जाडी देऊन माणसांना बाहेर पडायला एक तास मिळवून देऊ शकतो. उघडं पोलाद 550 ते 600 अंशांना निम्मी ताकद गमावतं आणि वाकतं. म्हणून लाकडी इमारत सुरक्षितच असते असं नव्हे. पाण्याचे फवारे, बाहेर पडायचे जिने, पेट न घेणारे अंतर्थर यांच्याशिवाय अशी इमारत बांधू नये. 2017 मध्ये लंडनचा ग्रेनफेल टॉवर जळून 72 माणसं गेली. ती इमारत काँक्रीटची होती. जळलं ते बाहेरचं प्लॅस्टिकचा गाभा असलेलं आवरण. पण त्यानंतर 2018 च्या अखेरीस इंग्लंडने 18 मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्यभिंतींत कोणतीही जळणारी वस्तू वापरायला मनाई केली आणि मरे ग्रोव्हच्या देशातच उंच लाकडी घरांची वाट अडली.

आपल्या हवेत आगीपेक्षाही ओल आणि वाळवी हे मोठे वैरी आहेत. हे आपल्या सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. कोणत्याही वाड्यात पाहा, लाकडी खांब जमिनीत रोवलेला दिसणार नाही. त्याच्या पायाशी दगडी तळखडा असतो. ओल दगडापाशी थांबते, वाळवी वर चढू लागली तर उघड्यावर दिसते. कोकणात छपराच्या पागोळ्या भिंतीपासून हातभर दूर पडतात, त्याचंही कारण तेच. व्हेक्शोतला काँक्रीटचा खालचा मजला हा त्या इमारतीचा तळखडाच म्हणायचा. पाणी लाकडापासून लांब ठेवायचं आणि भिजलंच तर वाळायला वाट द्यायची, ही लाकडी घराची सगळ्यात जुनी विद्या आहे. ती विसरून सीएलटीचे पाट मुंबईच्या पावसात उभे केले, तर पाच वर्षांत बुरशी धरेल.

खणांचं घर

आपल्याकडे घर खणांत मोजायचे. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. ‘दोन खणांचं घर’, ‘पाच खणांचा सोपा’ हे शब्द देशावरच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. घराचं माप दगड-विटांनी ठरत नव्हतं, लाकडाने ठरत होतं. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट असा सांगाडा आधी उभा राहायचा आणि भिंती नंतर भरल्या जायच्या.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत जवळपास दहा हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचा जड थर असलेली माळवदं यांच्याखाली माणसं गाडली गेली. नंतर अभियंत्यांनी केलेल्या पाहणीत एक गोष्ट पुढे आली: जिथे माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथे भिंती बाहेर ढासळल्या तरी अनेक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि छप्पर खाली आलं नाही. लाकूड वाकतं, सांध्यांत थोडं सरकतं, हादरा पिऊन घेतं. काश्मीरची धज्जी देवारी, हिमाचलची काठकुणी या घरबांधणीच्या पद्धती आणि 1897 च्या भूकंपानंतर आसामात रुजलेलं हलकं लाकडी घर, सगळ्यांत हेच ज्ञान आहे. 2007 मध्ये जपानमधल्या मिकी येथील कंपनमंचावर सात मजली सीएलटी इमारतीला कोबेच्या भूकंपाचे धक्के दिले. ती उभी राहिली.

पण किल्लारीनंतर लोकांच्या मनात उरलं ते जुन्या घराचं भय. पुनर्वसनात सिमेंट आलं, आणि ज्यांनी आपली माणसं दगडमातीखालून काढली त्यांना त्याबद्दल दोष कसा द्यावा? योगायोग असा, की त्याच 1993 मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी घातली. 1988 च्या वननीतीने लाकडाला पर्याय शोधायला सांगितलं होतं. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य कार्ययोजनेशिवाय चालणारी जंगलतोड थांबवली. त्या काळाच्या मानाने हे निर्णय गरजेचे होते. जंगलं खरोखरच ओरबाडली जात होती. पण त्यातून एक समजूत घट्ट बसली, की लाकूड न वापरणं म्हणजे पर्यावरण राखणं. लाकडी चौकटीच्या जागी लोखंड, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक आलं, आणि त्यांचा कार्बन कुणी मोजला नाही. बांधकाम विभागाची ती बंदी 2020 मध्ये उठली. सत्तावीस वर्षांत लाकडाने बांधायचं शिक्षण मात्र आटलं. आज स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी काँक्रीट आणि पोलाद वर्षानुवर्षं शिकतो, लाकडाला त्याच्या अभ्यासात कोपरा मिळतो.

काळाचा हिशेब

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की मग सगळी घरं लाकडाची करावीत. पॉट्सडॅमच्या हवामानसंस्थेतल्या संशोधकांनी 2022 मध्ये हाच प्रश्न विचारला. शहरांत नव्याने येणाऱ्या माणसांपैकी 90 टक्क्यांना मध्यम उंचीच्या लाकडी इमारतींत वसवलं, तर सन 2100 पर्यंत 106 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड वाचेल असं त्यांचं उत्तर आहे. त्यासाठी सध्याच्या लागवडींशिवाय जास्तीत जास्त 14.9 कोटी हेक्टर नवी वनलागवड लागेल. भारताच्या क्षेत्रफळाशी तुलना केली, तर हा आकडा जवळजवळ 45 टक्के भरतो. ती जमीन कुणाची? तिथे आज कोण राहतं, कोण चारतं, काय उगवतं?

दुसरी बाजू वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या संशोधकांची आहे. 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात म्हटलं आहे, की जगभरच्या लाकूडतोडीची, म्हणजे सरपण, कागद, इमारती सगळं धरून, खरी कार्बन-किंमत येत्या काही दशकांत वर्षाला 3.5 ते 4.2 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड असेल. झाड तोडलं की मुळं आणि फांद्या कुजतात, गिरणीत भुसा पडतो, खोडाचा मोठा हिस्सा कागदात आणि भट्टीत जातो. तुळई होऊन घरात पोचणारा भाग थोडाच. शिवाय तोडलं नसतं तर झाड वाढतच राहिलं असतं. ‘पुन्हा लावलं की झालं’ असं म्हणून हा हिशेब मिटत नाही. स्वीडनमध्येही मोठाल्या पट्ट्यांत सरसकट होणाऱ्या तोडीविरुद्ध निसर्गप्रेमी आणि रेनडिअर पाळणारे सामी लोक सतत बोलत आले आहेत. जुन्या झाडांवरचं दगडफूल हा त्या जनावरांचा हिवाळ्यातला चारा आहे.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपल्या माणसांनी उगाच केलेली नाही.

हे दोन अभ्यास समोरासमोर ठेवून मी बराच काळ गोंधळले होते. शेवटी उत्तर आजोळच्या तुळईने दिलं. लाकडातला कार्बन ही वनाकडून घेतलेली उसनवारी आहे. शेजारून वाटीभर साखर उसनी आणावी, तशी. उसनं फेडायची मुदत असते: तोडलेल्या झाडाच्या जागी तेवढंच झाड उभं राहीपर्यंत लाकूड जळता किंवा कुजता कामा नये. उत्तर स्वीडनच्या थंडीत पाइन वाढायला शंभर वर्षं लागतात. त्या पाइनची इमारत चाळीस वर्षांत पाडून लाकूड जाळलं, तर आपण उसनं बुडवलं. आणि आपल्या पुण्या-मुंबईत तर तीस वर्षांच्या इमारती पुनर्विकासाला निघतात. असल्या शहराने हिरवेपणाच्या नावाखाली शंभर वर्षांचं लाकूड घेणं हा वनाशी केलेला दगा ठरेल. घर कशाचं आहे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न ते किती टिकणार हा आहे. आणि त्याच्यापुढचा, घर मोडल्यावर लाकूड कुठे जाणार?

जपानच्या इसे देवस्थानाने हा हिशेब फार पूर्वी मांडला. तिथलं मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. मागचं 2013 मध्ये झालं, पुढचं 2033 मध्ये. वीस वर्षं म्हणजे क्षणभंगुर आयुष्य. पण उतरवलेलं लाकूड देशभरच्या दुसऱ्या देवळांना दिलं जातं आणि ते तिथे पुन्हा उभं राहतं. 1923 मध्ये देवस्थानाने आपल्याच डोंगरावर हिनोकीची झाडं वाढवण्याची दोनशे वर्षांची योजना आखली. 2013 च्या मंदिराला लागलेल्या लाकडांपैकी जवळपास चौथा हिस्सा त्या वनातून आला. योजना आखणाऱ्यांपैकी कुणीही ते बघायला उरलं नव्हतं.

आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हाच विवेक आहे. आरमाराला लाकूड हवंच होतं. साग वगैरे राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावा, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं; पण रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं झालं असेल, तर मालकाला राजी करून, द्रव्य देऊन न्यावं. लाकडाची गरज मान्य करून त्या लाकडामागचा काळ आणि त्यामागची माणसं मोजणारा असा राज्यकारभार अठराव्या शतकाच्या आरंभी मराठीत लिहिला गेला, याचा मला अभिमान वाटतो.

आपल्या रानाचं, आपल्या बांधावरचं

मग महाराष्ट्राने काय करावं? युरोपचा पाइन जहाजाने आणून पनवेलमध्ये मनोरे उभारणं हे मला उत्तर वाटत नाही. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही इथल्या मातीतल्या आहेत.

पहिली, वेगाने वाढणारं लाकूड. आपल्या उन्हापावसात झाड स्वीडनच्या कितीतरी पट वेगाने वाढतं. हरियाणातल्या यमुनानगरचा प्लायवूडचा धंदा शेतकऱ्यांनी गहू-उसाबरोबर लावलेल्या पॉप्लरवर उभा आहे. पाच ते आठ वर्षांत झाड कापणीला येतं. मेलिया डुबिया, सुरू, निलगिरी हीही तशीच. असल्या कोवळ्या, बारीक खोडांतून पूर्वी तुळई निघत नव्हती. फळ्या चिकटवून पाट करण्याच्या विद्येने ती अडचण दूर केली आहे. आठ वर्षांत वाढलेल्या झाडाचं लाकूड ऐंशी वर्षं घरात राहिलं, तर उसनं एकदा फेडून वर नऊ वेळा शिल्लक राहतं. हे घडायचं तर ही लागवड बांधावर आणि पडीक शेतात हवी. माळरान किंवा नैसर्गिक जंगल मोडून एका जातीची रांग लावली, तर सगळा जमाखर्च उलटा होतो.

दुसरी गोष्ट बांबू. तीन-चार वर्षांत काठी पक्व होते आणि बेट जागेवरच राहतं. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला आणि शेतकऱ्याच्या मानेवरचं जोखड उतरलं. मेळघाटातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू तरुणांच्या हाती बांबूकामाचा व्यवसाय दिला. कुडाळच्या कॉनबॅक या संस्थेने बांबूची प्रक्रिया आणि बांधकाम कोकणात रुजवलं. बंगळुरूच्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये छत आणि खांब बांबूने सजले, तेव्हा ‘गरिबाचं लाकूड’ ही त्याची ओळख थोडी पुसली गेली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही. लाकडी घरांचा बाजार वाढला, तर त्याचा पैसा अशा गावांपर्यंत पोचला पाहिजे. ज्यांनी रान राखलं त्यांना वगळून झालेलं बांधकाम कमी कार्बनचं असेल. न्यायाचं म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जवळची आणि सगळ्यांत दुर्लक्षित: आहे ते लाकूड. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला, नागपूरचा साग नव्या संसद भवनात गेला, याचं आपल्याला कौतुक आहे. पण पुण्यातले वाडे आणि गिरगावातल्या चाळी पाडल्या जातात, तेव्हा शंभर-दीडशे वर्षांचा साग खिळ्यांसकट ट्रकमध्ये भरला जातो. त्यातला चांगला माल जुन्या लाकडाचे व्यापारी उचलतात आणि त्याचं फर्निचर होतं. बाकीचा भट्टीत जातो. कोकणात तर उभी झाडंच सरपण म्हणून ट्रकने घाटावर जातात. आईन, किंजळ, जांभूळ यांची खोडं तुळया व्हायच्या लायकीची असताना बॉयलरमध्ये जळतात. कार्बनच्या दृष्टीने याहून मोठी उधळपट्टी नाही. प्रत्येक नगरपालिकेने पाडकामाच्या परवानगीबरोबर लाकडाची मोजदाद मागितली, ते लाकूड नीट उतरवायची अट घातली आणि त्यासाठी एक वखार ठेवली, तरी एकही झाड न तोडता किती घरांची छपरं होतील! यासाठी परदेशी तंत्र लागत नाही. गेरूने खुणा करणारा सुतार लागतो.

गेल्या मे महिन्यात आजोळी गेले होते. 1987 चं स्लॅबचं घर खाऱ्या हवेने पोखरलं आहे. छताचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. मामेभावाने नवं घर बांधायला काढलं आहे: जांभ्याच्या भिंती आणि वर कौलं. जुनं घर या दिवाळीनंतर पाडणार. त्याला ‘उतरवणार’ असं कुणी म्हणत नाही. त्यातून काढून ठेवण्याजोगं काही नाही. डबर कुठल्या खड्ड्यात टाकायचं याचीच चर्चा होती.

आम्ही गोठ्यात गेलो. तुळई होती. भिंतीतलं एक टोक वाळवीने खाल्लं होतं, तेवढं दोन फूट मामाने हयात असताना कापून टाकलं होतं. शक 1829 हे अंक दुसऱ्या टोकाकडे होते, ते धुरकटले होते पण वाचता येत होते. सुताराने पटाशीने चार ठिकाणी टोचून पाहिलं आणि मान हलवली. आत लाकूड पिवळंधमक, खणखणीत होतं. मामेभावाने टेप लावली. तुळई दहा फूट भरली. नव्या घराच्या ओटीला साडेनऊ फूट हवी आहे.